उजव्या कडेला

उर्वे म्हणाल्या, सुरुवातीचं बटण कुणीतरी नेलं.
चिडून नाही,
अंडी मोजताना एक कमी भरावं, तशा सुरात.

मी तावेत, हाप्सालू नगरपालिकेचा संगणकवाला.
गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे पासवर्ड
माझ्या एका वहीत असतात.
बटण होतं की. खाली, डाव्या कोपऱ्यात,
जिथल्या तिथे.
बोट ठेवून दाखवलं.
त्या हवामानाच्या खिडकीत शोधत राहिल्या,
मग घड्याळात,
मग पडद्याबाहेर, फुलदाणीच्या मागे.

नोव्हेंबरात मेंदूत एक गुठळी झाली,
तेव्हापासून त्यांना डावं उरलेलं नाही.
डोळे ठणठणीत आहेत म्हणे.
डावीकडेही काही असतं, एवढंच मन विसरलंय.
फणी अर्ध्याच केसांतून फिरते.
शालींचे नमुने त्या पडद्यावर आखतात,
चौकोनात एक टाका, चौकोनात एक भोक;
तर उजवीकडे फुलांची दाटी
आणि डावीकडे नुसता कागद.
डावलणं हा शब्द ज्यानं पहिल्यांदा उच्चारला
त्याच्या घरात असं कुणीतरी असणार.

पट्टीवर उजवी क्लिक केली.
यादीत एक ओळ होती, शेजारी बरोबरची खूण:
पट्टी जागेवर बांधून ठेवा.
खूण काढली.
यंत्र जुनं, म्हणून एवढं तरी चालतं.

"आधी सोडवावी लागते का?"
हो म्हटलं.
"मग खाडीवरच्या रस्त्यासारखंच."
खाडी गोठली की तिच्यावरून पलीकडे गाड्या जातात,
आणि तिथला नियम उलटा:
पट्टा बांधायचा नाही.
बर्फ फुटलाच तर दार ढकलून निघता यावं.
त्यांचे एन्द्रिक तीस हिवाळे तसे गेले,
पट्टा मोकळा, मांडीवर माशांचा हिशोब.
यंदा खाडी गोठलीच नाही.

पट्टी धरून ओढली.
आधी ती वर जाऊन चिकटली,
मग एकदम उजव्या कडेला उभी राहिली
बुटांच्या फडताळासारखी.
"ही बघा, ही!" उर्वे पडद्याला म्हणाल्या,
हरवलेलं मांजर घरात आल्यावर म्हणतात तसं.

चित्रं मोठी केली. नावं दिसू दिली.
एकाखाली एक: शाली, पत्रं, बँक.
पत्त्यांचा डाव मी शेवटी टाकला होता,
तो त्यांनी सगळ्यांच्या वर घ्यायला लावला.
घड्याळ मात्र नको म्हणाल्या.
लपवलं.

पुन्हा बांधून टाकू का, विचारलं.
हात थरथरतो तुमचा, चुकून ओढली जाईल.
"राहू दे सुटी."
डावीकडे गेली तर?
"तर मला दिसायची नाही. मग तुला फोन करीन."

मी वायरी गुंडाळत होतो.
त्या पत्ते लावत होत्या, लाल दश्शीवर काळी नश्शी,
आणि मधेच स्वतःशी पुटपुटल्या,
"गेला वाटतं. निघतो असंही म्हणाला नाही पोरगा."

तासभर मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो.

स्टूल उचललं.
खुर्चीमागून वळसा घालून
पट्टीच्या बाजूला येऊन बसलो.
"आलास?" म्हणाल्या. "कोट काढ. कॉफी आहे,
पाव मात्र संपला, मघाशीच खाल्ला."
बशीत काळ्या पावाचा अर्धा तुकडा होता,
वर लोणी, चिवाच्या पातीचे दोन तुरे.
मी बशी अर्धी फिरवली.

"अगं बाई," उर्वे म्हणाल्या,
"हा कुठून आला?"
आणि सुरीनं त्याचे दोन केले.